हिरडा कुणी ओळखायचा?

आपल्या बहुतेक घरांत हिरडा असतो. तो सहसा दिसत नाही, एवढेच. त्रिफळा चूर्णाच्या डबीत तो आवळा आणि बेहड्याच्या सोबतीने दडलेला असतो. बाळगुटी उगाळताना सहाणेवर त्याचे दोन वळसे ठरलेले असतात. त्यागींच्या आहाराच्या दिवशी पाणी प्रासुक करण्यासाठी लवंगेची किंवा हिरड्याची पूड घालणारी दिगंबर घरे आजही आहेत. श्वेतांबर परंपरेत ज्या कडू-तुरट वस्तू ‘अणाहारी’ मानल्या जातात, म्हणजे चौविहाराचे पच्चक्खाण असतानाही औषध म्हणून ज्यांची मुभा असते, त्यांच्या यादीत कडू, किराईत, गुळवेल यांच्या जोडीला हिरडा आहे. नवव्या शतकात होऊन गेलेल्या उग्रादित्याचार्यांचा ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ १९४० साली सोलापुरातून हिंदी अनुवादासह छापला गेला. मद्य, मांस आणि मध वर्ज्य ठेवून केवळ वनस्पती व खनिजे यांच्या आधारावर चिकित्सा उभी करणाऱ्या या ग्रंथाच्या परंपरेत हिरड्यासारख्या फळाला किती मोल असेल, हे वाचकांना सांगावयास नको.

हा हिरडा आपल्या घरात दुकानातून येतो. दुकानात तो कुठून येतो, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. मलाही नव्हते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि नोकरी बँकेतली. हिरडा हा शब्द माझ्या पुढ्यात प्रथम आला तो साठा-पत्रकात.

१९८६ च्या सुमारास माझी बदली पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील एका तालुक्याच्या गावी झाली. शाखेच्या खातेदारांत आपल्याच समाजातील एक शेठजी होते. किराणा, भुसार आणि काष्ठौषधी असा त्यांचा जुना व्यापार. वैशाख-ज्येष्ठात त्यांचे मालतारण कर्ज वाढे आणि दिवाळीपर्यंत उतरे. दर तिमाहीस साठा तपासावा असा नियम असल्याने मी गोदामात गेलो. पोती मोजली, थर मोजले, गुणाकार केला आणि सही करणार, तोच शेठजी हसून म्हणाले, “साहेब, पोती मोजलीत. आत काय आहे ते नाही पाहिलंत.”

त्यांनी परखी घेऊन एका पोत्यात खुपसली आणि तीन-चार काळी, सुरकुतलेली फळे तळहातावर घेतली. एक दाताखाली धरून फोडले. खट्‌ असा आवाज झाला. आतला भाग काचेसारखा काळाभोर आणि अखंड होता. “हा बाळहिरडा. आत आठळी नाही.” दुसऱ्या पोत्यातले फळ काढले, बाहेरून अगदी तसेच. ते फोडले तर आत फिकट आठळी धरलेली. “हा आठ-दहा दिवस उशिरा उतरवलाय. वाळवला की काळाच दिसतो, पण भाव निम्मादेखील यायचा नाही. तुमच्या कागदावर दोन्ही एकच.”

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की हिरडा हे एक फळ असले तरी बाजारात तो अनेक वस्तू असतो. अगदी कोवळा, आठळी धरण्याआधी उतरवून उन्हात वाळवलेला तो बाळहिरडा. पुढे वाढलेला, कातडी कमावण्याच्या कामी जाणारा तो चांभारी हिरडा. रंगकामाचा तो रंगारी. आणि पूर्ण पक्व, मोठा, पिवळसर, गरदार तो सुरवारी हिरडा, ज्याचा मुरंबा होतो. चांगला हिरडा वजनदार असावा, पाण्यात टाकला असता बुडावा, ही भावप्रकाशातील परीक्षा शेठजींना ठाऊक होती. मात्र त्यांनी भावप्रकाश वाचलेला नव्हता. त्यांच्या वडिलांनी त्यांना सातव्या वर्षी गोदामात बसवून सांडलेले हिरडे निवडावयास लावले होते, तेवढेच त्यांचे शिक्षण. हा व्यापार किती जुना आहे हे पाहावयाचे असेल तर गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या संवादग्रंथाकडे जावे. हिरड्याच्या वर्गातील फळांवर त्यात एक स्वतंत्र संवादच आहे.

“ओळखायला आम्ही शिकलो ते आमच्या वडिलांकडून,” शेठजी म्हणाले, “पण आम्ही ओळखतो तो पोत्यातला. झाडावरचा ओळखणारे वेगळे.”

मी हट्ट धरला म्हणून त्या वैशाखात ते मला वरच्या वाडीवर घेऊन गेले. एस.टी. जिथे थांबत होती तिथून दीड तास चढ होता. जुन्नर, आंबेगाव, खेड, अकोले या पट्ट्यात सह्याद्रीच्या माथ्यावर महादेव कोळी समाजाच्या वस्त्या आहेत. भात, नाचणी आणि वरई यांवर वर्ष निघत नाही. पावसाळ्याआधी रोख पैसा हातात येतो तो हिरड्याचाच. बी-बियाणे, मुलांचे कपडे, लग्नाची देणी, सारे त्यातून. झाडे काही मालकीच्या जमिनीत, काही वनखात्याच्या हद्दीत, पण कोणते झाड कोणत्या घराने उतरवायचे हे सगळ्या वाडीला माहीत असते. त्याला सातबारा लागत नाही.

ज्या घरी आम्ही गेलो तिथे साठीच्या एक आजी होत्या. मुलगा झाडावर होता. खाली आजी आणि त्यांची आठ-नऊ वर्षांची नात वेचत होत्या. मी वही-पेन काढून विचारले, “आजी, कोवळा कुठला आणि जून कुठला, हे ओळखायचं कसं?”

त्यांनी माझ्या वहीकडे पाहिले. “सांगून काय व्हतंय, सायेब? हाताला कळतंय.”

मी तासभर तिथे बसलो. त्या तासात आजींनी नातीला एकही वाक्य समजावून सांगितले नाही. मुलगी वेचून टोपलीत टाकी. अधूनमधून आजी तिच्या टोपलीत हात घालीत आणि दोन-चार फळे न बोलता बाजूला फेकीत. मुलगी फेकलेले फळ उचले, चिमटीत दाबून पाही, पुन्हा टाके. तासाभराने आजींचा हात टोपलीत कमी वेळा जाऊ लागला. बस, एवढीच शाळा. मी मात्र बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात सहा आठवडे काढून आलेला, तेव्हा मला ते शिकवणे वाटलेच नाही. पुष्कळ वर्षांनी कळले की त्या दिवशी मी एक संपूर्ण पाठ पाहिला होता.

एक गोष्ट मात्र तेव्हाच डोळ्यांत भरली होती. मुलगा झाडावरून उतरला तेव्हा शेंड्याकडच्या दोन मोठ्या फांद्या तशाच भरलेल्या होत्या. मी म्हटले, राहिल्या की. आजी म्हणाल्या, “त्या ऱ्हाऊ द्यायच्या. समदा बाळहिरडा केला तर झाड कुठनं यील?” शिवाय काठीने झोडपायचे नाही, कोवळी डहाळी मोडली की पुढला मोहर गेला, हेही त्यांनी सांगितले. बाळहिरड्याला भाव जास्त. म्हणून जो तो सगळे फळ कोवळेच उतरवू लागला तर पिकलेले बी जमिनीवर पडणारच नाही, आणि पन्नास वर्षांनी त्या डोंगरावर म्हातारी झाडे तेवढी उरतील. हे गणित त्या निरक्षर बाईंनी ‘ऱ्हाऊ द्यायच्या’ या दोन शब्दांत मांडले होते. घसाऱ्याची तरतूद न करता नफा वाटून टाकणाऱ्या कंपन्यांचे ताळेबंद मी पुढे पुष्कळ पाहिले. त्या प्रत्येक वेळी मला ती शेंड्यावरची फांदी आठवली.

परतताना शेठजी थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मंदिरातलं लेश्यांचं चित्र आठवतं ना?” षड्‌लेश्यांचे ते चित्र आपण सर्वांनी लहानपणापासून पाहिले आहे. जांभळाचे एक झाड आणि सहा भुकेले वाटसरू. कृष्ण लेश्येचा माणूस झाड मुळासकट तोडू पाहतो. नील लेश्येचा मोठ्या फांद्या, कापोत लेश्येचा डहाळ्या, पुढचा घोस, त्यापुढचा फक्त पिकली फळे. शुक्ल लेश्येचा मनुष्य जमिनीवर आपोआप पडलेली तेवढी वेचतो. पाठशाळेत हे आपल्याला परिणामांच्या तरतमभावाचे उदाहरण म्हणून शिकवले जाते, आणि ते तसेच आहे. पण त्या चित्रात एक झाड आहे आणि त्याची फळे कशी घ्यावीत याची सहा उत्तरे आहेत, हे मला त्या उतारावर प्रथमच जाणवले. शेठजींच्या आजोबांनी याच डोंगरातले कोळशाचे आणि लाकडाचे ठेके नाकारले होते. पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आणि वनकर्म येतात, म्हणून. हिरड्याचा व्यापार त्यांनी धरला, कारण त्यात झाड उभे राहते. नफ्याचा मोठा भाग त्यांनी सोडला होता, आणि घरात त्याची गोष्ट सांगितली जाई.

इथे एक कबुली देणे भाग आहे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. डोंगरातील व्यापार सगळा असा नव्हता. श्रावण-भाद्रपदात, घरातले धान्य संपले असता, हिरड्यापोटी उचल द्यायची आणि वैशाखात भाव आपण ठरवायचा, ही पद्धत सर्रास होती. कडता आणि बारदान यांच्या नावाखाली वजनही कापले जाई. १९७२ साली आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे एकाधिकार खरेदी आली, ती उगाच नव्हे. त्या खरेदीचेही आपले दोष होते, पण तो वेगळा विषय आहे. मला खटकते ते दुसरेच. शेठजींच्या जुन्या खतावण्या मी पाहिल्या आहेत. मोडी अक्षरांत वाडी, कुटुंबप्रमुख पुरुषाचे नाव, उचल, वजन, भाव. सगळे चोख. ज्या हातांमुळे पोत्यातला माल बाळहिरडा ठरत होता, त्या आजींचे नाव त्यात कुठेही नाही. आमच्या बँकेच्या कागदांतही नव्हते. मी स्वतः भरलेल्या पत्रकात ‘हिरडा, पोती इतकी, दर्जा चांगला’ एवढेच आहे.

या ज्ञानाचे सगळे प्रकार एकाच वाटेने पुढे जात नाहीत. वेचणे, निवडणे, वाळवणे, रांधणे हे बायकांकडून मुली-नातींकडे जाते, आणि मुलगी लग्न होऊन दोन डोंगर पलीकडे गेली की तिच्याबरोबर तेही जाते. झाडावर चढणे, मध काढणे, कोणते लाकूड कशाला हे पुरुषांकडून मुलांकडे. जडीबुटीचे औषध मात्र बहुधा एकाकडून एकाकडेच. औषध चारचौघांत सांगितले की त्याचा गुण जातो, अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. आपण तिला अंधश्रद्धा म्हणतो. पण आपल्याही काही पेढ्यांत काढ्याचा किंवा मसाल्याचा हिशेब थोरल्या मुलालाच सांगण्याची रीत होती, आणि तिला आपण व्यापारी गुपित म्हणत होतो.

आणि सर्वात नाजूक ज्ञान आहे ते रानभाज्यांचे. घाट उतरून ठाणे-रायगडकडे गेलात तर जूनच्या पहिल्या पावसानंतर बाजारात शेवळे विकावयास येतात. (शेवळ कंदातून उगवते, त्यामुळे आपल्या ताटात ती येण्याचा प्रश्न नाही. पण गोष्ट समजून घेण्याजोगी आहे.) शेवळाला भयंकर खाज असते. विकणारी बाई शेवळाच्या जुडीबरोबर हिरवी, आंबट काकड फळे देते. त्यांचा रस घातला की खाज मरते. नुसते शेवळ मागणाऱ्या शहरी गिऱ्हाइकालाही ती काकडे घेतल्याशिवाय सोडीत नाही. भाजी आणि तिचा उतारा एकत्र बांधून देणे, हीच तिची पाककृती. उद्या कुणी नुसती शेवळे यंत्राने पिशव्यांत भरून विकली, तर विकणाऱ्याला आपण काय गाळले हे कळणारही नाही.

निवृत्तीनंतर, काही वर्षांपूर्वी, मी त्या तालुक्यात पुन्हा जाऊ लागलो. निमित्त आपल्याच घरातले होते. शेठजी आता नाहीत. त्यांच्या मुलाने काष्ठौषधीचा व्यापार हळूहळू बंद करून बांधकाम साहित्य सुरू केले. नातवाने व्यवस्थापनाची पदवी घेतली, आणि आजोबांचे नाव पुन्हा चालवावे या चांगल्या इच्छेने त्रिफळा चूर्णाची सुबक पाकिटे बाजारात आणली. हिरडा त्याने परराज्यातील एका मोठ्या मंडीतून दलालामार्फत, छायाचित्र पाहून मागवला. पहिल्याच वर्षी एका जुन्या वैद्यांनी माल परत पाठवला. बाळहिरडा म्हणून आलेल्या पोत्यांत निम्म्याहून अधिक आठळी धरलेली फळे होती, आणि काहींना आतून बुरशी. वाळत घातलेल्या मालावर वळवाचा पाऊस पडला की असे होते. मुलगा माझ्याकडे आला. “काका, हे बाहेरून ओळखायचं कसं? पप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, दादाजी दातानं फोडायचे.”

मी त्याला काय सांगणार? तीस वर्षे मीही पोतीच मोजली होती. म्हणून आम्ही दोघे वाडीवर गेलो. आता रस्ता थेट वरपर्यंत डांबरी आहे. आजी कधीच गेल्या. नात लग्न होऊन पलीकडच्या डोंगरावर नांदते, असे कळल्यावर आम्ही तिकडे गेलो. पंचेचाळिशीच्या त्या ताईंनी मला ओळखले नाही, पण ‘वही घेऊन आलेला बँकेचा सायेब’ त्यांना आठवत होता. मुलाने पिशवीतून आपले हिरडे काढून अंगणात ओतले. ताईंनी खाली बसून दोन्ही हातांनी ढीग असा चाळला जणू तांदूळ निवडावेत, आणि बोलता बोलता पाच मिनिटांत त्याचे दोन ढीग केले. आम्ही प्रत्येक ढिगातली दहा-दहा फळे फोडून पाहिली. एकही चुकले नव्हते.

ताईंची मुलगी तेव्हा दहावीत होती, आश्रमशाळेत राहून शिकणारी. मी विचारले, हिला येते का हे? ताईंनी दिलेले उत्तर मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. “हिरडा येतो तिला. मे महिन्याच्या सुट्टीत घरी असती ना. पावसाळ्यातलं काय येत नाही.”

आश्रमशाळा जूनच्या मध्यास सुरू होते. हिरड्याचा बहर सुट्टीत येतो म्हणून त्याचे ज्ञान अजून वाहते आहे. भारंगी, कुर्डू, टाकळा, चाई, फोडशी, करटोली ही सगळी मंडळी जून ते सप्टेंबरात उगवतात, तेव्हा मुलगी पन्नास किलोमीटर दूर वसतिगृहात असते. आणि पावसाळी वनस्पतींतच ओळखण्याची जोखीम अधिक, कारण एकाच्या शेजारी तिच्यासारखेच दिसणारे दुसरे उगवते. कुणी अन्याय केला नाही, कुणी वाईट चिंतले नाही. शाळा हवीच, ताईंनाही ती हवी आहे. केवळ वेळापत्रकामुळे एका पिढीच्या हातून अर्धे वर्ष गळून पडले आहे. राज्याचा कृषी विभाग अलीकडे ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. उपक्रम चांगला आहे. पण तिथे भाजी निवडून, जुडी बांधून टेबलावर आलेली असते. रानात ती शोधण्याचा भाग तिथे नसतो.

नोंदी करून हे ज्ञान टिकेल, असे काहींना वाटते. जैविक विविधता अधिनियम २००२ साली आला, त्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही करावयाची आहे. कल्पना मोलाची, माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञाने तिच्यासाठी वर्षानुवर्षे कष्ट घेतले. पण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत आणि राज्यांना दरमहा १० लाख रुपयांच्या भुर्दंडाची ताकीद दिल्यावर देशभर या नोंदवह्या ज्या वेगाने ‘पूर्ण’ झाल्या, तो वेग आम्हा बँकवाल्यांना मार्चअखेरीमुळे चांगला परिचित आहे. मी एका ग्रामपंचायतीत अशी नोंदवही पाहिली. हिरडा : शास्त्रीय नाव टर्मिनालिया चेब्युला, उपयोग औषधी. ओळ संपली. शेंड्याची फांदी त्यात कुठून यावी?

कायदा व्यापाऱ्यांनाही लागू आहे, आणि आपल्यापैकी औषधी वनस्पतींचा व्यवहार करणाऱ्यांनी तो समजून घेतला पाहिजे. २०१४ च्या मार्गदर्शक नियमांत अशा वनस्पती खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याने खरेदी किमतीच्या १ ते ३ टक्के आणि उत्पादकाने ३ ते ५ टक्के लाभांश स्थानिकांसाठी द्यावा, अशी तरतूद होती. भारतीय कंपन्यांनाही हे बंधन आहे, असा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध ज्ञानाला सूट मिळाली. चालू नियम आपापल्या सनदी लेखापालाकडून समजून घ्यावेत. मला इथे एवढेच म्हणायचे आहे की हिरड्याचे गुण चरकापासून ग्रंथबद्ध आहेत, म्हणून ते ज्ञान सर्वांचे. तो कोणत्या दिवशी, कसा उतरवावा आणि किती ठेवावा हे ज्ञान ग्रंथात नाही. आणि ज्याचे मोल पोत्यामागे प्रत्यक्ष रुपयांत मोजता येते, ते नेमके हेच.

असे मोल देण्याचा आपल्या देशातील एक गाजलेला प्रयत्न केरळात झाला. १९८७ च्या अखेरीस डॉ. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रज्ञांचे एक पथक अगस्त्य पर्वतात फिरत होते. पथक थकून जाई, पण वाट दाखवणारे काणी जमातीचे दोघे एक छोटे फळ खात आणि ताजेतवाने राहत. ते कोणते, हे सांगावयास ते प्रथम तयार नव्हते. ते गुपित जमातीचे होते. पुढे त्या ‘आरोग्यपच्चा’ वनस्पतीपासून तिरुवनंतपुरमजवळच्या वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने ‘जीवनी’ नावाचे औषध तयार केले, आणि १९९५ साली कोइमतूरच्या एका आयुर्वेदिक कंपनीला १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के स्वामित्वधन घेऊन परवाना दिला. यातील निम्मी रक्कम काणी लोकांची, असे संस्थेने ठरवले.

इथून पुढचा भाग बँकेच्या माणसाने वाचण्याजोगा आहे. पैसा तयार होता, पण द्यायचा कुणाला? ज्ञान हजारो माणसांचे, विखुरलेल्या पाड्यांवरचे. खाते कुणाच्या नावे? १९९७ मध्ये जमातीचा विश्वस्त निधी नोंदला गेला, आणि पाच लाखांच्या वर रक्कम त्याच्या खात्यात प्रत्यक्ष जमा होण्यास १९९९ उजाडले. दरम्यान जमातीतच मतभेद झाले. काही पारंपरिक वैद्यांनी, हे ज्ञान विकण्याजोगे नाही, आम्हाला विचारलेच नाही, अशी हरकत घेतली. वनखाते आणि संस्था यांच्यात वनस्पती गोळा करण्यावरून तंटा होऊन कच्चा मालच मिळेना. तरीही मी त्या प्रयत्नाला अपयश म्हणणार नाही. ज्ञान देणाऱ्याचे नाव खातेवहीच्या जमेच्या बाजूस लिहिले गेले. त्यात चुका झाल्या, पण लिहिले गेले.

आपल्याकडेही नावे लिहिली जाऊ लागली आहेत. याच डोंगररांगेत अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जतन केल्याबद्दल २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. त्यांच्या बियाणे कोषात मडक्यांतून वाण राखलेले आहेत. बी मडक्यात ठेवता येते, हे त्यातल्या त्यात सुदैव. ताईंच्या बोटांना जे कळते त्याला मडके नाही.

मी शेठजींच्या नातवाला एक हिशेब करून दिला. परत आलेल्या पोत्यांचे नुकसान, वाहतूक, दलाली एका बाजूला. दुसऱ्या बाजूला वाडीवरून थेट खरेदी, महामंडळाच्या दरापेक्षा थोडा चढा भाव, आणि निवडण्याची मजुरी वेगळी, बाईच्या स्वतःच्या खात्यावर. दुसरी बाजू स्वस्त पडत होती. त्याने ते केले. गेल्या दोन हंगामांपासून त्याच्या खरेदीवहीत एक नवा रकाना आहे, ‘निवडणार’, आणि त्याखाली अकरा बायकांची नावे आहेत. यंदा त्याने ताईंना विचारले, शेंड्याच्या फांद्या सोडल्या तर किती किलो कमी येईल? त्यांनी अंदाज दिला. तेवढ्या वजनाचे पैसे न उतरवलेल्या फळापोटी द्यावेत का, यावर तो आणि त्याचे वडील अजून वाद घालीत आहेत. वडिलांचे म्हणणे, माल आल्याशिवाय पैसे देणे हा व्यापार नव्हे, दान आहे, आणि दान करायचे तर दान म्हणून करावे. मला दोघांचेही पटते.

वैशाखात आठ दिवस वाडीवर राहून वेचायला शिकावे, असे मुलाच्या मनात आहे. ताईंना विचारले तेव्हा त्या हसल्या. “या की. पर आठ दिसात काय कळणार? आषाढात बी या.” त्यांची मुलगी आता बारावीला आहे. या वर्षी ती आषाढात शाळेतून चार दिवसांची रजा काढून घरी आली होती. कारण म्हणून तिने अर्जात ‘घरगुती काम’ असे लिहिले होते, असे ताई म्हणाल्या. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, तरी झाडाखालपर्यंत मी जाणार आहे.